आर्चीच्या मागे कोण होतं?



आम्ही मुंबईतून, घाटकोपरशेजारच्या असल्फाच्या डोंगरावरून बोलतोय. डोंगरावर घराला लागून घर, मधून जिने आणि खाली मेट्रोचं स्टेशन, अशी आमची वस्ती. आमच्या बचत गटात १४ जणी आहेत. कुणी धुणीभांडी करते, कुणी खोट्या दागिन्यांचं काम घरी आणते, एकीचा पोळीभाजीच्या डब्यांचा धंदा आहे. सगळ्यांची गावं तुमच्याचकडची. खटाव, पाटण, संगमेश्वर, करमाळा. आज सांगणार आहोत ते मुंबईत घडलं असलं, तरी तुमच्या घरालाही ते लागू आहे.

आज आम्ही एका सिनेमाबद्दल बोलणार आहोत. बचत गटाच्या बायांनी सिनेमाबद्दल काय बोलायचं, असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही वाटलं असतं. पण हा विषय आमच्या बैठकीत आला तो कर्जाच्या अर्जातून.

गेल्या वर्षी जूनच्या बैठकीत एका ताईनं १८,००० रुपयांचं कर्ज मागितलं. आमच्या गटात कर्ज कशासाठी हवं ते सगळ्यांसमोर सांगावं लागतं. ताई आधी गप्प राहिली. मग म्हणाली, "पोरीच्या फोटोंसाठी पाहिजेत." तिची मुलगी १६ वर्षांची, अकरावीत शिकणारी. तिला मोबाइलवर कुणीतरी निरोप पाठवला होता. अंधेरीत आमचं ऑफिस आहे, तुझा चेहरा सिनेमाला शोभेल, फोटोंचा अल्बम करावा लागेल, नाव नोंदवावं लागेल, सगळं मिळून १८,००० रुपये भर. ताईनं नाही म्हटल्यावर पोरगी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "नाही दिलेस तर मी आर्चीसारखी निघून जाईन."

बैठकीत कुणी काही बोलेना. आमच्यातल्या बहुतेकींच्या घरात या वयाचं लेकरू आहे. मग एक मावशी म्हणाल्या, "त्या सिनेमानंच पोरी बिघडवल्या." डबेवाल्या ताईनं त्यांना विचारलं, "मावशी, तुम्ही तो शेवटपर्यंत बघितलात का?" मावशींनी गाणी तेवढी बघितली होती. खरं सांगायचं तर आमच्यातल्या निम्म्या जणींनी गाणीच बघितली होती.

तेव्हा असं ठरलं, की कर्जाचा निर्णय पुढच्या बैठकीत घ्यायचा. त्याआधी सगळ्यांनी मिळून, पोरींना सोबत घेऊन, 'सैराट' पूर्ण बघायचा. पडद्यावर येणारी नावंसुद्धा वाचायची. कारण पोरीला सिनेमात जायचं असेल, तर सिनेमा करतं कोण आणि कसा, हे तिच्या आईला आणि आम्हालाही कळायला हवं.

सिनेमा कुणी केला

'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला लागला. त्याआधी फेब्रुवारीत तो जर्मनीत, बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात दाखवला होता. मराठी सिनेमानं १०० कोटींच्या पुढे कमाई केली, ती पहिल्यांदा याच सिनेमानं. कन्नड, पंजाबी, बंगाली, उडिया आणि हिंदी भाषांत त्याच्यावरून सिनेमे निघाले. हिंदीतला 'धडक' २०१८ चा.

दिग्दर्शक नागराज मंजुळे. दिग्दर्शक म्हणजे कोण? लग्नघरात जो माणूस आचाऱ्याला, मांडववाल्याला, भटजीला आणि रुसलेल्या मामाला एकाच वेळी सांभाळतो, तो. सगळ्यांकडून काम करून घ्यायचं आणि मनात ठरवलेलं कार्य तसंच पार पाडायचं. मंजुळे सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. वडार समाजातल्या गरीब घरात वाढले, मराठी घेऊन एम.ए. झाले, कविता लिहिल्या. 'सैराट'आधी त्यांनी 'फँड्री' केला होता. त्यातला जब्या झालेल्या सोमनाथ अवघडे या मुलाला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

सिनेमाची गोष्ट आणि पात्रांच्या तोंडची वाक्यं हे वेगळं काम असतं. 'सैराट'चे संवाद भरत मंजुळे यांनी लिहिले. ते नागराज यांचे भाऊ. आमच्या गटातली करमाळ्याची ताई सिनेमा बघताना सारखी म्हणत होती, "असंच बोलतात आमच्याकडं." सिनेमाचा बराच भाग त्याच भागात, करमाळा तालुक्यात चित्रित झाला आहे. उजनीच्या धरणाचं पाणी, केळीच्या आणि उसाच्या बागा दिसल्या, की तिला माहेरी गेल्यासारखं होत होतं.

कॅमेरा सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा. त्यांनी पुढे 'नाळ' हा मराठी सिनेमा स्वतः दिग्दर्शित केला. संकलन कुतुब इनामदार यांचं. संकलन म्हणजे निवडणं आणि जोडणं. एकच प्रसंग पाच-दहा वेळा चित्रित केलेला असतो. त्यातला कुठला ठेवायचा, कुठे कापायचा, कशाला काय जोडायचं, हे संकलक ठरवतो. गोधडी शिवणाऱ्या बाईला हे लगेच समजेल. चिंध्यांचा ढीग सगळ्यांकडे असतो, गोधडी जमते ती निवडीतून.

संगीत अजय-अतुल या दोघा भावांचं. या सिनेमातल्या वाद्यमेळाचा काही भाग त्यांनी अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या सोनी स्टुडिओत तिकडच्या वादकांकडून वाजवून घेतला. 'झिंगाट' आज प्रत्येक हळदीत वाजतं. पण आमच्या पोरींच्या एक गोष्ट लक्षात आली. सिनेमा इतका वाजतगाजत चालतो आणि शेवटच्या प्रसंगात संगीत बंद होतं. एक बारीक मूल रक्तात भिजलेल्या पावलांनी बाहेर चालत येतं आणि आवाज नसतो. ताईची मुलगी म्हणाली, "आवाजच गेला की काय मोबाइलचा?" आवाज गेला नव्हता. इथे काही वाजवायचं नाही, हेही कुणीतरी बसून ठरवलेलं होतं.

पैसा घालणारे ते निर्माते. इथे झी स्टुडिओज आणि मंजुळे यांची स्वतःची 'आटपाट' ही संस्था. आपल्या श्रावणातल्या कहाण्या जिथून सुरू होतात, ते आटपाट नगर. सिनेमाचा धंदा म्हणजे आधी खर्च, मग कमाई. म्हणून कलाकाराला पैसे देणं हे निर्मात्याचं काम आहे, कलाकाराकडून घेणं नाही. हे वाक्य आम्ही बैठकीच्या वहीत लिहून ठेवलं.

एवढी नावं आपल्याला पडद्यावर दिसतात. त्यांच्याशिवाय दिवे धरणारे, सामान वाहणारे, कपडे इस्त्री करणारे, वेणीफणी करणारे, चहा देणारे, गाड्या चालवणारे असे कितीतरी हात असतात. आमच्या या उपनगरांत, अंधेरी, गोरेगाव, बोरिवलीकडे, या कामावर पोट असणारी हजारो घरं आहेत. गोरेगावला सरकारची चित्रनगरी १९७७ पासून आहे. आमच्या गटातल्या एका ताईचा दीर तिथे मालिकांच्या सेटवर सुतारकाम करतो. तो कुठल्या फोटोच्या अल्बममुळे कामाला लागला नाही. हातात कला होती म्हणून लागला.

पोरगी कुठून आली

आता आर्ची. रिंकू राजगुरू अकलूजची. २०१३ साली नागराज मंजुळे अकलूजला आले होते, तेव्हा ती सातवीत होती. बघायला म्हणून गेली आणि तिची चाचणी झाली. चाचणी म्हणजे कॅमेऱ्यासमोर काही बोलून, करून दाखवायचं. सिनेमा लागला तेव्हा तिला १५ वर्षंही पूर्ण झाली नव्हती. त्याच वर्षी, सिनेमा लागायच्या आधीच, ६३ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तिच्या कामाचा विशेष उल्लेख झाला.

परशा झालेला आकाश ठोसर करमाळा तालुक्यातलाच, कुस्ती खेळणारा. लंगड्या झालेला तानाजी गालगुंडे माढा तालुक्यातला, सल्या झालेला अरबाज शेखही त्याच भागातला. या चौघांचा हा पहिलाच सिनेमा. मुंबईच्या कुठल्या ऑफिसात पैसे भरून यांची नावं लागली नव्हती. दिग्दर्शक गोष्टीला हवी तशी माणसं शोधत गावोगाव फिरला.

आता एक गोष्ट नीट ऐका. सिनेमातली आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, बापाला न जुमानता घर सोडते. ते काम करणारी रिंकू मात्र शाळेत जाणारी मुलगी होती. आईवडील दोघंही शिक्षक. सिनेमानंतर लोकांची इतकी गर्दी व्हायला लागली, की रोज शाळेत जाणं कठीण झालं. तेव्हा तिनं १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावी दिली आणि २०१७ साली ६६.४० टक्के मिळवले. २०१९ साली बारावीला ८२ टक्के. सिनेमाचं यश मिळाल्यावरही शिक्षण सुटू दिलं नाही.

म्हणजे पडद्यावरचं बंड एकट्या पोरीनं केलेलं नव्हतं. तिच्या मागे घर होतं. पुढे कॅमेरा होता आणि कॅमेऱ्याच्या मागे जबाबदारी घेणारी मोठी माणसं होती. मारामारीचा प्रसंग झाला की कुणीतरी "कट" म्हणत होतं आणि पोरगी उठून पाणी पीत होती. खऱ्या आयुष्यात "कट" म्हणणारं कुणी नसतं. ताईच्या मुलीला आम्ही हेच सांगितलं. ती तेव्हा काही बोलली नाही.

लहान कलाकारांसाठी कायदा

आपल्याकडे १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला लावणं गुन्हा आहे. कलाकार म्हणून काम करायला कायद्यानं वाट ठेवली आहे, पण अटी घालून. २०१६ साली बालमजुरीचा कायदा बदलला आणि २०१७ साली नियम आले. त्यातल्या मुख्य अटी अशा:

दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही. शिक्षणात खंड पडता कामा नये. काम घेणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची. जास्तीत जास्त ५ मुलांमागे एक जबाबदार माणूस नेमायचा. मुलाच्या कमाईतला कमीत कमी २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावानं मुदत ठेवीत टाकायचा, तो त्याला सज्ञान झाल्यावर मिळतो. आणि मुलाच्या मनाविरुद्ध त्याला काम करायला लावायचं नाही.

ताईची मुलगी १६ वर्षांची, म्हणजे या अटींच्या वयातून पुढे गेलेली. तरी आम्ही हे वाचून दाखवलं. कारण खरं काम देणारा माणूस वेळ, शाळा, पैसा आणि सोबत कोण राहणार याबद्दल बोलतो. जो यातलं काहीच बोलत नाही, फक्त आधी पैसे भरा म्हणतो, त्याच्याकडे देण्यासारखं काम नसतं.

पडद्यामागच्या एका बाईचं बंड

सिनेमात जायचं म्हणजे नटीच व्हायचं, असं आपल्या पोरींना वाटतं. म्हणून त्यांना आम्ही चारू खुराणा यांची हकिकत सांगितली. त्या मेकअप कलाकार. मुंबईतल्या सिनेमाच्या धंद्यात मेकअप करणाऱ्यांची एक संघटना आहे. तिचं कार्ड नसेल तर काम मिळणं मुश्कील. पन्नासहून जास्त वर्षं त्या संघटनेत मेकअप कलाकार म्हणून बाईला कार्ड मिळत नव्हतं. बायांनी केस विंचरायचे, रंग लावायचा तो पुरुषांनी, अशी वाटणी. बाईच्या चेहऱ्याला रंग लावायलाही पुरुषच!

चारू खुराणा आणि त्यांच्यासोबतच्या बाया सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १० नोव्हेंबर २०१४ ला न्यायालयानं सांगितलं, की बाई आहे म्हणून काम नाकारणं संविधानाच्या विरुद्ध आहे, असा नियम चालणार नाही. आज शूटिंगमध्ये बाया मेकअप कलाकार म्हणून कार्ड घेऊन काम करतात.

हेसुद्धा बंडच आहे. पण ते कागद जमवून, वकील गाठून, चार जणींना सोबत घेऊन केलेलं. वेळ लागला, पण पुढच्या सगळ्या जणींना रस्ता मोकळा झाला.

आर्चीच्या मागे

आता सिनेमाच्या आतली गोष्ट. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आर्ची म्हणजे अर्चना पाटील. बाप गावातला बडा पुढारी. परशा मासेमारी करणाऱ्या घरातला, खालच्या मानलेल्या जातीतला. दोघं कॉलेजात जाणारी. प्रेम कळल्यावर परशाला मारहाण होते. दोघं पळतात, हैदराबादला पोचतात. तिथे झोपडपट्टीत सुमनअक्का नावाची बाई त्यांना आसरा देते. परशा तिच्या डोशाच्या गाडीवर राबतो, आर्ची कारखान्यात जाते, तेलुगू शिकते. लग्न होतं, मूल होतं, घर घ्यायचं ठरतं. काही वर्षांनी आर्ची आईला फोन करते. मग एके दिवशी माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन दारात येतात. आर्ची त्यांना चहा करून देते. आणि दोघांचा जीव जातो.

सिनेमा संपल्यावर आम्ही पोरींना एकच प्रश्न विचारला, "आर्चीच्या मागे कोण होतं?"

एक म्हणाली, मैत्रिणी आणि मित्र. खरं आहे, पण ती पण तेवढीच पोरं. लंगड्या आणि सल्या मार खातात. दुसरी म्हणाली, शिक्षक. पण आर्चीचा भाऊ भरवर्गात शिक्षकाच्या थोबाडीत देतो आणि सगळे गप्प बसतात. तिसरी म्हणाली, पोलीस. पोलीस ठाण्यात आर्ची ठणकावून सांगते की मी माझ्या मर्जीनं गेले. पण पोलीस ठाणं बापाच्या शब्दावर चालणारं. मग आमच्यातल्या एकीनं विचारलं, "आणि तिची आई?" आई घरात असते. तिचा जीव लेकीसाठी तुटत असतो. पण त्या घरात तिला एक शब्द बोलायची मुभा नाही.

म्हणजे गावातल्या एकाही मोठ्या माणसाची पाठ तिला मिळाली नाही. मिळाली ती परक्या गावातल्या एका बाईची. सुमनअक्काचं काम छाया कदम यांनी केलं आहे. 'फँड्री'तली जब्याची आईही त्याच. पुढे 'लापता लेडीज'मधली स्टेशनवरची मंजूमाई त्याच. २०२४ साली फ्रान्समधल्या कान महोत्सवात 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' या सिनेमाला ग्राँ प्री हा मोठा सन्मान मिळाला, त्यातही त्या आहेत. सुमनअक्का पोरांना भाषण देत नाही. राहायला खोली देते, हाताला काम देते, मारायला आलेल्यांना हाकलते. आमच्या गटातल्या मावशी, ज्या सिनेमाला नावं ठेवत होत्या, त्याच म्हणाल्या, "असली एक बाई करमाळ्यातच असती तर पोरांना हैदराबादला जायची वेळ आली नसती."

आम्हाला वाटतं, सिनेमाचं सार एवढंच आहे. पोरगी का पळाली हे विचारायच्या आधी, ती आपल्याशी बोलू शकत होती का, हे विचारायला हवं.

कायदा काय सांगतो तेही सांगतो, कारण बैठकीत हा प्रश्न आलाच. लग्नासाठी मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण हवं. त्याआधीचं लग्न कायद्याला मान्य नाही, मग ते आईबापांनी लावलेलं असो की पोरांनी पळून केलेलं. वय पूर्ण झाल्यावर कुणाशी लग्न करायचं हा त्या दोघांचा हक्क आहे. २७ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की दोन सज्ञान माणसांच्या लग्नात जातपंचायतीला, भावकीला आडवं येता येणार नाही. अशा जोडप्यांना संरक्षण द्यायचं, जिल्ह्याजिल्ह्यात त्यासाठी विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारा ठेवायचा, असे आदेश न्यायालयानं दिले. धोका असेल तर ११२ ला फोन करा. बाईसाठी १८१, १८ वर्षांखालच्या मुलामुलींसाठी १०९८. हे नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

अंधेरीची फेरी

आता आमच्या ताईच्या कर्जाचं काय झालं ते. पुढच्या बैठकीआधी आम्ही तिघी आणि ती मुलगी, असे चौघी मेट्रोनं अंधेरीला गेलो. असल्फ्याला बसलं की अर्ध्या तासाच्या आत पोचतो. मुलीला मुद्दाम सोबत घेतलं. तिच्या मागून चौकशी केली असती, तर तिनं आमच्यावर विश्वास ठेवला नसता.

एका इमारतीत वरच्या मजल्यावर छोटी खोली. भिंतीवर नटनट्यांचे फोटो, त्यांच्यासोबत त्या ऑफिसच्या माणसाचा एकही नाही. आम्ही प्रश्न कागदावर लिहून नेले होते. सिनेमाचं नाव काय? निर्माता कोण? काम किती दिवसांचं आणि पैसे किती? मुलीसोबत घरचं माणूस राहिलेलं चालेल का? करार लिहून मिळेल का? भरलेल्या पैशांची पावती मिळेल का?

सहा प्रश्नांना त्या माणसानं एकच उत्तर दिलं, "आधी नावनोंदणी करा, मग सगळं कळेल." शेवटी मुलीनंच विचारलं, "माझं काम कुठल्या सिनेमात आहे?" तो म्हणाला, "ते नंतर ठरतं." ती आमच्याकडे बघायला लागली. परतताना मेट्रोत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. आम्हीही काही बोललो नाही. अशा वेळी "बघ, आम्ही सांगत होतो ना" असं म्हणायचा मोह होतो. तो आवरला, हे बरं झालं.

नंतर कळलं, की आमच्याच डोंगरावरच्या दोन घरांनी तिथे पैसे भरले होते. एकीनं मंगळसूत्र गहाण ठेवलं होतं. फोटो काढून मिळाले, काम कसलंच नाही. सख्यांनो, असे निरोप आता गावातल्या पोरींच्या मोबाइलवरही येतात. मुंबईला यायचीही गरज नसते, पैसे मोबाइलवरूनच जातात. तसे गेले तर लगेच १९३० या नंबरवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

बैठकीत फोटोंसाठीचं कर्ज नामंजूर झालं. ताईनंच अर्ज मागे घेतला. पण आम्ही तिथे थांबलो नाही. कारण पोरीला नाही म्हणून घरी पाठवलं असतं, तर पुढच्या वेळी ती आमच्याकडे आलीच नसती. ती सरळ त्या खोलीत गेली असती. आम्ही तिला बैठकीत बोलावलं आणि विचारलं, तुला नक्की काय करायचं आहे? ती म्हणाली, "नाटक, सिनेमा, कायपण. पण दुसऱ्यांच्या घरची भांडी नाही." तिच्या आईसमोर म्हणाली. आई भांडीच घासते. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती म्हणाली, "बरोबर बोलली. मलापण तिनं ते करू नये असंच वाटतं."

असं ठरलं, की बारावी पूर्ण करायची आणि कॉलेजच्या एकांकिकेसाठी प्रयत्न करायचा, त्याला पैसे लागत नाहीत. तालमीहून यायला उशीर झाला तर गटातली एक जण खाली मेट्रो स्टेशनवर घ्यायला जाईल. पाळ्या लावून घेतल्या.

एकांकिकेत तिला काम मिळालं नाही. कपडेपट सांभाळायला मिळाला. म्हणजे कुणी कुठल्या प्रसंगात काय घालायचं, ते धुऊन, इस्त्री करून, वेळेवर हातात द्यायचं. पहिले चार दिवस रागात होती. आता वही ठेवते. कुठली साडी कुणाच्या घरून आणली, कुठला सदरा उसवला आहे, सगळं तारखेनिशी लिहिते. ती अजूनही म्हणते की मी नटीच होणार. आम्ही नाही म्हणत नाही.

तुम्हीही एकदा गटात असं करून बघा. 'सैराट' किंवा पोरींना आवडतो तो कुठलाही सिनेमा एकत्र बसून पूर्ण बघा. नावं मोठ्यानं वाचा, कोण काय काम करतं ते पोरींनाच सांगायला लावा. आमच्या पोरींना आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. मग त्यांना विचारा, की तुझ्यावर आर्चीसारखी वेळ आली तर या गावात तू आधी कुणाच्या दारात जाशील? त्या जे नाव घेतील ते लक्षात ठेवा. आपल्यातल्या एकीचंही नाव आलं नाही, तर पुढच्या बैठकीचा तोच विषय ठेवा.

आमच्या बैठकीत हा प्रश्न विचारला, तेव्हा ताईच्या मुलीनं मावशींकडे बोट दाखवलं. त्याच मावशी, ज्या म्हणाल्या होत्या की सिनेमानं पोरी बिघडवल्या. आम्ही विचारलं, का गं? म्हणाली, "त्या ओरडतात, पण दार उघडतात."